रन-फ्लॅट असले तरी डिकीत स्टेपनी हवीच

परवा एका मित्राने सेकंडहँड जर्मन सेडान घेतली. घरी आणून डिकीचं कार्पेट उचललं तर खाली फोमचा ट्रे, एक छोटा पंप आणि बॅटरी, स्टेपनी नाहीच. लगेच मला फोन. विकणाऱ्याने त्याला सांगितलेलं, "सर, रन-फ्लॅट आहेत, स्टेपनी लागतच नाही." मला पण माझी गाडी घेताना हेच वाक्य ऐकवलं होतं आणि मी ते तीन वर्षं खरं मानलं. म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी एक स्पष्ट करतो, रन-फ्लॅट टायर ही वाईट गोष्ट नाही. त्याची साईडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, जाड आणि कडक असते, त्यामुळे हवा पूर्ण गेली तरी गाडी रिमवर बसत नाही, ८० च्या स्पीडच्या आत साधारण ८० किमी जाता येतं. रात्री एक्सप्रेसवेवर घरच्यांना घेऊन जाताना पंक्चर झालं आणि शोल्डरवर ट्रकच्या शेजारी बसून चाक बदलावं लागलं नाही, ह्याची किंमत मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की ते ८० किमी संपल्यावर काय? तिथे कोणीतरी दुकान उघडं ठेवून बसलेला पाहिजे, त्याच्याकडे कडक साईडवॉलचा टायर उतरवणारं मशीन पाहिजे, आणि तुमच्या साईजचा टायर स्टॉकमध्ये पाहिजे. पुण्यात, ठाण्यात तिन्ही मिळतं. त्यापलीकडे भरवसा नाही. आणि गाडी माणसांनी-सामानाने भरलेली असेल तर ते ८० सुद्धा धरू नका.

माझ्यावर वेळ आली ती हरतालिकेच्या दिवशी. उद्या गणपती बसणार, आम्ही पुण्याहून गुहागरकडे गावी निघालेलो, मी, बायको, आई-बाबा, डिकीत मखराचं सगळं सामान. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो आणि पोफळीच्या जरा पुढे समोरून आलेल्या ट्रकला साईड देताना डावं मागचं चाक रस्त्याच्या तुटलेल्या कडेवरून खाली उतरलं. आवाज आला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. उतरून बघितलं तर साईडवॉलला बोटभर चीर, आतले धागे दिसतायत. तशीच पन्नासच्या स्पीडने चिपळूणला नेली, टायरने आपलं काम चोख केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंक्चरवाल्याने चिरेवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दादा, खाली ट्रेडला, रस्त्याला टेकतो तिथे, खिळा असता तर पंक्चर काढून दिलं असतं, साईडला काय करणार?" नवीन टायर? माझी साईज २२५/५० आर १७, रन-फ्लॅट सोडाच, साधा पण नाही. संध्याकाळपर्यंत सहा दुकानं फिरलो. शेवटी पुण्यातल्या ओळखीच्या टायरवाल्याने ट्रॅव्हल्सच्या गाडीत टायर टाकून पाठवला, पण सणाच्या गडबडीत तो हातात पडला तिसऱ्या दिवशी सकाळी.

गाडी चिपळूणला ठेवली, आम्ही एसटीने गेलो. बाबांचे गुडघे गेलेले, गर्दीत अर्धा रस्ता ते उभे होते. मखर डिकीतच राहिलं. आईने आंब्याच्या डहाळ्या आणि तिची एक जुनी हिरवी साडी लावून आरास केली आणि प्रतिष्ठापना वेळेवर झाली. पण बाबा एसटीत वरचा दांडा धरून उभे होते ते मी विसरलेलो नाही. डिकीत एक चाक असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं!

गणपतीहून परत आल्यावर पहिलं काम स्टेपनीचं केलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरून वापरलेलं बारीक स्टेपनी चाक मिळवलं, १३५/८० आर १७. ह्याचा व्यास ६४८ मिमी आणि माझ्या टायरचा ६५७, म्हणजे जवळपास सारखाच. पण व्यास जुळला म्हणजे झालं असं नाही. बोल्टची भोकं आणि मधलं भोक जुळतं का, आणि पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासते का हे घरीच चारही ठिकाणी लावून बघा. अलॉयचे बोल्ट स्टीलच्या रिमला लांब पडू शकतात, तेही तपासा. ह्या जर्मन गाड्यांना चाक अडकवायला हबवर बाहेर आलेले स्टड नसतात, चाक हाताने उचलून धरून बोल्ट लावावा लागतो, त्यासाठी मिळणारी गाईड पिन घ्याच, अंधारात फार उपयोगी पडते. जॅक गाडीच्या जॅकिंग पॉइंटला बसणारा हवा. लॉक बोल्ट असतील तर त्याची चावी कुठे आहे हे आत्ताच बघून ठेवा. बारीक चाकात हवा ६० पीएसआय लागते आणि स्पीड ८० च्या वर न्यायचा नाही. आणि चाक डिकीतल्या हुकांना पट्ट्याने घट्ट बांधा, कारण जोरात ब्रेक मारला तर एवढं जड लोखंड मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत येईल.

काहीजण म्हणतात रन-फ्लॅट काढून साधे टायर टाका, स्वस्त पडतात, गाडी मऊ चालते. टाका ना, पण मग हवा गेल्यावर पुढे न्यायची सोयही गेली, म्हणजे स्टेपनी अजूनच गरजेची. सीलंटची (भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली आणि पंप माझ्याकडेही आहे, खिळ्याला ठीक, चिरेला काही उपयोग नाही. आणि रोडसाईड असिस्टन्सला फोन लावायला आधी घाटात रेंज पाहिजे.

जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टिम आणि रिपेअर किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही. म्हणजे हा प्रश्न आता फक्त महागड्या गाड्यांचा राहिलेला नाही, नवीन गाडी बुक करताना डिकी उघडून बघा आणि स्टेपनी नसेल तर तिथेच विचारा.

डिकीतली एका मोठ्या बॅगेची जागा जाते हे खरंय. आमच्याकडे ह्यावरून थोडं झालंही, मग ठरलं की गावी जाताना एक बॅग मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये ठेवायची. माझं चाक सध्या कार्पेटच्या वर उभं बांधलेलं आहे. बॅटरी डिकीत असलेल्या गाडीत कोणी चाक आडवं, नीट बसवलं असेल तर फोटो टाका, मित्राच्या गाडीचं काम ह्याच रविवारी करायचंय.