कुणाला लागत नाहीत म्हणे

दिवाळी अंकांवरून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाला. नाशिकचे काका म्हणाले, व्यंगचित्रकारांनी राजकारण सोडावं, पूर्वीसारख्या रस्त्यातल्या, चाळीतल्या गमती काढाव्यात. त्या कुणाला लागत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते 'लागत नाहीत' फार झोंबलं.

मी राहते त्या पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या ओनोरे दोमिए या व्यंगचित्रकाराने या गमती हजारोंनी काढल्या, पण आधी तो थेट राजावर गेला होता. १८३१ मध्ये त्याने लुई-फिलिपला लोकांचा पैसा गिळणारा राक्षस म्हणून रंगवलं आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेला. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्र छापण्याआधी सरकारी परवानगी सक्तीची झाली; लेखाला ही अट नव्हती. राजाकडे जाणारी वाट अशी बंद झाली, तेव्हा 'ल शारिव्हारी' या व्यंगपत्रात छापल्या जाणाऱ्या त्याच्या शिळाछापांतून शेअर खपवणारे भामटे, वकील, घरमालक आणि भाडेकरू येऊ लागले. राजा चित्रात नव्हता, त्याच्या राजवटीची हाव मात्र होती.

एका चित्रात छत गळतंय आणि भाडेकरू पलंगावर छत्री उघडून बसलाय. घरमालक म्हणे पाऊस थांबल्यावर दुरुस्ती करणार! हे कुणाला लागत नाही? पागडीच्या खोलीत वाढलेल्या कुणालाही विचारा. १८५३ च्या दुसऱ्या चित्रात अर्धवट पाडलेल्या इमारतीसमोर एक मध्यमवयीन जोडपं उभं आहे. उघड्या पडलेल्या भिंतीवर त्यांना आपली लग्नानंतरची खोली सापडलीय. तेव्हा पॅरिस पाडून नवं बांधायला घेतलं होतं, आणि आता गादीवर असलेल्या सम्राट तिसऱ्या नेपोलियनविरुद्ध चित्र काढायची सोय नव्हतीच. गिरगावातली आमची चाळ पाडली तेव्हा आई अशीच रस्त्यावर उभी होती. पॅरिसच्या इतिहासाच्या कार्नाव्हाले संग्रहालयात दोमिएची चित्रं पाहताना मला तीच आठवते.

इथल्या शाळा मुलांना ही चित्रं दाखवायला नेतात. आपल्याकडे चित्रकाराला विषय बदलायचा प्रेमळ सल्ला मिळतो. मी म्हणते, चित्रात रस्त्यातला खड्डा जरूर काढा, पण त्यात कंत्राटदारही दिसू द्या.

इतकं ठासून मी मराठीतच बोलते. इथे पेन्शनवरून मोर्चे निघाले, ऑफिसातले सगळे गेले. मी गेले नाही. माझ्या रहिवासी परवान्याच्या कार्डाचं नूतनीकरण प्रिफेक्चरमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, अडकलं होतं. तेवढंच कारण असतं तर बरं होतं. इथल्या सरकारवर हक्काने चिडावं, इतकं हे शहर मला अजून माझं वाटलेलं नाही.