एमराल्ड केव्हच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता बडोदेकर’ यांस,

थायलंडमधल्या को मुक बेटावरच्या एमराल्ड केव्हबद्दल मी लिहिलं, त्याखाली तुम्ही म्हणालात: “ताई, पोहता न येणाऱ्या आईला अंधाऱ्या बोगद्यात पोहायला लावणं हा बेजबाबदारपणा आहे. थायलंडच्याच गुहेत मुलं अडकली होती. बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, ते इतक्यात विसरलात? तुमचं वाचून उद्या कोणी गेलं आणि बुडलं तर?” शिवाय खर्च दिला नाही, फोटो धूसर आहेत, वगैरे.

खर्चाचं मान्य. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क बरेचदा बोटीच्या पैशांत धरलेलं नसतं, हे सांगायला हवं होतं. फोटो धूसर आले कारण मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत होता. हा विषय संपला.

आता ती अडकलेली मुलं. ती थाम लुआंग गुहेत अडकली होती, जून २०१८ मध्ये. ही गुहा थायलंडच्या पार उत्तरेला, चियांग राय प्रांतात, डोंगराच्या पोटात आहे. १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले, मागून पावसाचं पाणी भरलं आणि परतीची वाटच बुडाली. एमराल्ड केव्ह दुसऱ्या टोकाला, दक्षिणेत, त्रांग प्रांताच्या समुद्रात. तिथलं पाणी भरती-ओहोटीचं. ते कधी चढणार, कधी उतरणार हे आधीच ठाऊक असतं आणि बोटवाले त्यावरूनच गुहेची वेळ ठरवतात. पावसाळ्यात गुहा बंदच असते.

बोगदा सुमारे ८० मीटरचा. पुढे टॉर्च घेतलेला गाइड, मागे प्रत्येकाने पुढच्याच्या लाइफ जॅकेटला धरून रांगेने तरंगत जायचं. मधल्या टप्प्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, हे मी लपवलेलं नाही. पलीकडे छत कोसळून आकाश उघडं पडलंय, भोवती चुनखडीचे उभे कडे आणि मध्ये एवढासा वाळूचा किनारा. हे सगळं मूळ लेखात होतं. तुम्ही बहुधा शीर्षक वाचून थेट खाली उतरलात. देशाचं नाव एक म्हणून गुहाही एकच, या हिशोबाने अजिंठ्याच्या लेण्यांतही लाइफ जॅकेट घालूनच जायला हवं!

हरणीबद्दल मात्र मला राग आला, स्पष्टच सांगते. १८ जानेवारी २०२४ बडोद्यात कोणीही विसरलेलं नाही. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. आमच्या सोसायटीतल्या आयांनी त्यानंतर कितीतरी दिवस सहलीच्या संमतिपत्रावर सही केली नाही. त्या पोरांना एका प्रवासलेखाखाली मुद्दा म्हणून वापरणं तुम्हाला कसं सुचलं? वर पुन्हा ‘ताई’ म्हणायचं. असं बोलणाऱ्या भावाची मला गरज नाही.

माझं म्हणाल तर मी शाळेत असल्यापासून बडोद्यातल्या लालबागच्या तरणतलावात पोहत आले आहे. माझे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात व्यायामगुरू प्रो. माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले. पाण्याला भ्यायचं नाही आणि पाण्याशी मस्तीही करायची नाही, हे आमच्या घरात जेवायला बसल्यावर शिकवलं जायचं. आईला पोहता येत नाही, खरंय. पण गाइडने “कोणाला बोटीतच थांबायचंय?” असं विचारलं, तेव्हा जॅकेटचे पट्टे आवळत सगळ्यांत आधी तीच उठली. मी तिला काही करायला लावावं आणि तिने ते करावं, असं आमच्या घरात आजवर झालेलं नाही. दांडिया बाजारात तिला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा.

राहिलं, “कोणी बुडलं तर?” याला मी काय सांगू? पावागडच्या पायऱ्यांवरही माणूस घसरू शकतो, मग पावागडवर कोणी लिहायचंच नाही का?

तुम्हाला स्वतःला भीती वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. अनेक बोटी त्याच फेरीत को क्राडान बेटालाही थांबतात. तिथे कंबरभर पाण्यात उभं राहूनही मासे दिसतात, तिथे जा. आणि पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने द्या, नाहीतर मी ती मंजूर करणार नाही.