हाडात भरलेली ‘चिनी माती’ : एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही आठवड्यांपासून मुंबईतल्या अनेक मराठी व्हॉट्सॲप गटांवर ‘हाडात चिनी माती भरणारे डॉक्टर’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हाडातील पोकळी भरण्यासाठी वापरतात ते सिरॅमिक म्हणजे कपबशीचीच माती असून ती आत फुटते, वर्षभराने एक्स-रेमध्ये ती दिसत नाही, म्हणजे मुळात भरलेलीच नसते, शरीर तिला नाकारते आणि पुढे कर्करोग होतो, स्वतःचे हाड फुकट मिळत असताना ती रुग्णाच्या माथी मारली जाते, आणि ती जनावरांच्या हाडांपासून केलेली असते. लालबागला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने हा संदेश वाचून रात्री फोन केला, कारण तिच्या १२ वर्षांच्या मुलीच्या दंडाच्या हाडातील पोकळी चार महिन्यांपूर्वी अशाच सिरॅमिकच्या दाण्यांनी भरली आहे. ‘दादा, ते काढून टाकता येईल का?’ एवढेच तिने विचारले. मी डॉक्टर नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पदार्थशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे शस्त्रक्रिया कोणावर करावी हे मी सांगणार नाही, पण हा पदार्थ काय आहे आणि तो हाडात कसा वागतो, हे मात्र सांगू शकतो.

सिरॅमिक हे एका पदार्थाचे नाव नाही. धातू नसलेल्या आणि बहुधा भट्टीत भाजून घडवलेल्या पदार्थांचे ते मोठे कुळ आहे. कपबशीची चिनी माती केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांपासून होते, आणि धारावीच्या कुंभारवाड्यात भाजले जाणारे मडकेही मुळात सिलिकेटचेच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगांचेच असते. हाडात भरतात ते प्रामुख्याने कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार असतात : हायड्रॉक्सिॲपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. आपल्या हाडाचे सुमारे दोन तृतीयांश वजन ज्या खनिजाचे असते, ते हायड्रॉक्सिॲपेटाइटचेच थोडे अशुद्ध रूप आहे. म्हणजे हाडाला परकी असलेली माती आत घातली जात नसून, हाड ज्या खनिजाने बनते त्याच जातीचे खनिज घातले जाते.

सिरॅमिक ठिसूळ असते, हे मात्र संदेशातले खरे वाक्य आहे आणि ते मी नाकारत नाही. हाड चिवट असते ते त्यातील कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमुळे, आणि भाजलेल्या दाण्यांत ते तंतू नसतात. म्हणूनच सच्छिद्र सिरॅमिकवर शरीराचा भार एकट्याने टाकत नाहीत. भार प्लेट, स्क्रू, सळई किंवा पोकळीभोवतीचे शाबूत हाड पेलते. फुटण्याच्या ज्या बातम्या संदेशात मिसळल्या आहेत, त्या खुब्याच्या कृत्रिम सांध्यातील सिरॅमिकच्या गोळ्यांविषयीच्या असाव्यात. ते अॅल्युमिना किंवा झिर्कोनिया या धातूंच्या ऑक्साइडांचे, घट्ट आणि अतिशय कठीण गोळे असतात, आणि त्यांचे काम घासले न जाण्याचे असते. २००१ मध्ये झिर्कोनियाच्या काही गोळ्यांच्या बाबतीत भाजण्याची भट्टी बदलल्यानंतर तडकण्याचे प्रमाण वाढले आणि ते बाजारातून परत घ्यावे लागले, ही गोष्ट खरी आहे व गंभीरही आहे. पण त्या गोळ्यांवरून दंडातील पोकळीत भरलेल्या दाण्यांविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे गाडीच्या तुटलेल्या आसावरून भिंतीच्या विटांना दोष देणे होय.

आता ज्या मुद्द्याने लोक सर्वांत जास्त घाबरले आहेत तो पाहू : ‘एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणजे घातलेच नाही.’ येथे संदेश लिहिणाऱ्याने या पदार्थाचे यशच फसवणुकीचा पुरावा म्हणून मांडले आहे. हाड आयुष्यभर स्वतःला मोडत आणि बांधत असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आम्ल सोडून जुने खनिज विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवे हाड रचतात. दाण्यांमध्ये साधारण १०० मायक्रॉनहून (म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून) मोठी, एकमेकांना जोडलेली छिद्रे ठेवतात, कारण त्यांतून रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरू शकल्या तरच हे बांधकाम पोकळीच्या मध्यापर्यंत पोहोचते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांपासून साधारण दोन वर्षांपर्यंतच्या काळात झिजत जाते; भाजलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट फार हळू झिजते आणि अनेक वर्षे दिसत राहते; म्हणून कित्येकदा दोहोंचे मिश्रण वापरतात. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कुळातला पदार्थ, तर काही आठवड्यांतच विरघळतो, आणि कधीकधी नवे हाड तयार होण्याआधीच तो संपतो, हा त्याचा दोष आहे. जर्मनीत ड्रेसमन यांनी १८९२ मध्येच हाडाच्या पोकळ्या प्लास्टरने भरून पाहिल्या होत्या, तेव्हा हे कालपरवाचे फॅडही नव्हे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक्स-रेमध्ये दाणे हाडापेक्षा पांढरे, सुटे सुटे दिसतात. पुढे त्यांच्या कडा पुसट होतात आणि तेथे हाडाच्या जाळीच्या रेषा उमटू लागतात. दोन्ही फिल्म शेजारी ठेवल्या की हे रुग्णालाही दिसते. दाणे गेले आणि जागा पुन्हा काळी, रिकामीच दिसली, तरच काळजीचे कारण असते.

शरीराने नाकारण्याविषयी फार लिहावे लागत नाही. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीर नाकारते ते त्यावरील परक्या प्रथिनांमुळे, आणि कृत्रिम सिरॅमिकमध्ये प्रथिनेच नसतात. जंतुसंसर्ग कोणत्याही शस्त्रक्रियेत होऊ शकतो आणि तो झाल्यास भरलेला पदार्थ काढावा लागू शकतो. पण त्याला नाकारणे म्हणत नाहीत. कर्करोगाबद्दलचा गैरसमज कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. जायंट सेल ट्यूमरसारखी गाठ खरवडून काढल्यावर उरलेली पोकळी भरतात, आणि ती गाठ काही रुग्णांत पुन्हा उद्भवते. ती उद्भवते मागे राहिलेल्या पेशींमुळे. भरलेल्या दाण्यांतून ती जन्माला येत नाही.

स्वतःचे हाड सर्वांत उत्तम, हे अस्थिशल्यचिकित्सकही मान्य करतात, कारण त्यात खनिजाबरोबर जिवंत पेशीही असतात. पण ते फुकट नसते. कमरेच्या हाडातून ते काढण्यासाठी दुसरी जखम करावी लागते, तिचे दुखणे कधी महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि लहान मुलाच्या कमरेत काढण्याजोगे हाड असते तरी किती? तिसरा मार्ग दान केलेल्या हाडाचा आहे. आपल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी (टिश्यू बँक) आहे आणि तेथे दान मिळालेले हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून वापरासाठी दिले जाते. हे तिन्ही मार्ग पोकळी किती मोठी, रुग्णाचे वय किती, भार किती, यांवरून निवडले जातात आणि अनेकदा एकत्रही वापरले जातात. नाचणी, दूध आणि कांडवेलीच्या भरवशावर मोठी पोकळी सोडून द्या, असा संदेशाच्या शेवटी दिलेला सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे : आहारातले कॅल्शियम हाडाला हवेच, पण माझ्या भाचीचा दंड त्या पोकळीपाशीच मोडला होता, आणि तेव्हा ती रोज दूध पीत होती.

राहिला जनावरांच्या हाडांचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. दातांच्या शस्त्रक्रियेत जबड्यासाठी गाय-बैलांच्या हाडांतील प्रथिने काढून उरलेले खनिज बऱ्याच ठिकाणी वापरतात, आणि पोवळ्यांपासून केलेले पदार्थही आहेत. तर बाकीचे बरेचसे पदार्थ प्रयोगशाळेत क्षारांपासून तयार होतात. श्रद्धेमुळे किंवा अन्य कारणाने ज्यांना हे महत्त्वाचे वाटते, त्यांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. तसे विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. पदार्थाचे नाव आणि लॉट क्रमांक असलेले पाकिटावरचे स्टिकर रुग्णाच्या कागदांत लावलेले आहे का, हेही पाहावे. बहिणीला मी तेच शोधायला सांगितले. डिस्चार्जच्या कागदामागे ते सापडले : बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कृत्रिम. काढून टाकण्याचा विषय तिने तिथेच सोडला आणि पुढच्या एक्स-रेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.