कमी खाण्याचा पूर्णवेळ उद्योग

वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करून घेतल्यापासून मी सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत खाण्यापिण्यातच असते. थट्टा नाही, हिशोब आहे. डॉक्टरांनी बजावलंय की दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर अंगातलं पाणी कमी होऊन पुन्हा सलाइन लावावं लागेल. डाएटिशियनबाईंनी बजावलंय की घटाघटा प्यायचं नाही. औषधाच्या मापाने पंधरा मिनिटांना ३० मिली, म्हणजे तासाला १२०. दीड लिटर व्हायला साडेबारा तास. त्यात गोळ्या, फेऱ्या, आंघोळ आणि ‘आता कसं वाटतंय?’ विचारणारे फोन मिळवा. नोकरीवर जात होते तेव्हा मी यापेक्षा मोकळी असायचे.

ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटाला चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि उरलेला स्टेपलरने उभा शिवतात. मागे राहतं ते केळ्याएवढं जठर, सुरुवातीला फार तर शंभर-दीडशे मिली मावेल असं. सर्जन हे समजावून सांगत होते तेव्हा नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच शंका काढली, ‘‘डॉक्टर, पिना गंजणार नाहीत ना?’’ नाही गंजत. टायटॅनियमच्या असतात आणि कायमच्या आतच राहतात. त्यावर त्याचं समाधान झालं. माझ्या जिवाला धोका किती वगैरे किरकोळ प्रश्न मीच विचारले.

शुद्धीवर आले तेव्हा पोट दुखेल अशी मनाची तयारी होती. दुखत होता खांदा. मला वाटलं, चुकीचा भाग कापला. सिस्टर म्हणाल्या, ‘‘गॅस आहे, चाला.’’ प्रकार असा, की ऑपरेशनला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. काम झालं की गॅस सोडतात, पण थोडा मागे रेंगाळतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची नस आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे तक्रार पडद्याची आणि नोंद खांद्याच्या नावावर. ढेकर देऊन सुटावं तर तो पोटातला वारा नव्हेच. तो आतड्यांच्या बाहेर हिंडतोय. शरीराने शोषून घेईपर्यंत वाट बघायची आणि चालायचं.

चालण्यातून तिथे कुणाची सुटका नाही. ऑपरेशनच्या संध्याकाळीच उठवून चालवतात, कारण रक्ताच्या गुठळ्या पायात झाल्या तर पंचाईत. त्यासाठीच पोटऱ्यांना हवेच्या पिशव्या बांधून ठेवतात. त्या रात्रभर आळीपाळीने पाय दाबून देतात. एरवी घरात कुणी माझे पाय दाबायला तयार नसतं, त्यामुळे हा भाग मला आवडला. वर पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन. शिवाय फुप्फुसांसाठी तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र: नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की गोळ्या वर चढतात. माझी जेमतेम एक चढायची. माझा डोळा लागलाय असं समजून नवऱ्याने एकदा ते हळूच उचललं आणि जीव खाऊन फुंकर मारली. एकही गोळी हलली नाही. मग त्याने यंत्र जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे प्रथमच जरा आदराने बघितलं.

घरी आल्यावर नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. फोनवर दर पंधरा मिनिटांचा गजर, फ्रिजवर तक्ता. ‘‘अगं, घोट राहिला!’’ ही आमच्या संसारातली सर्वांत जास्त वेळा उच्चारलेली ओळ असावी. पहिले एक-दोन दिवस निव्वळ निवळ द्रव, म्हणजे ज्यातून पलीकडचं दिसतं ते सगळं. सूप गाळून, मग पुन्हा गाळून, म्हणजे ज्या पातेल्यात सूप होतं त्याची नुसती आठवण. त्यानंतर साधारण दोन आठवडे दाट द्रव. स्ट्रॉ वापरायची नाही, कारण तिच्यातून हवा पोटात जाते. फसफसणारी पेयं बंद. मोठा घोट घेतला की छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखी कळ येते आणि माणूस जागच्या जागी स्तब्ध होतो. घोट म्हणजे किती, याचं इतकं सखोल ज्ञान मला आयुष्यात कधी नव्हतं.

आणि प्रोटीन. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, रोज, न चुकता. नाहीतर शरीर चरबी सोडून स्नायूंवर ताव मारतं आणि पुढे तीन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. केस तसेही थोडे गळतातच म्हणे, नंतर परत येतात. पण ‘म्हणे’वर केस सोडायची माझी तयारी नाही, म्हणून मी ती पावडर पिते. डब्यावर व्हॅनिलाचं पांढरं फूल काढलंय. झाकण उघडलं की आधी एक गोडसर, नव्या रेक्झिनसारखा वास येतो. पाणी घालून हलवली की वर बोटभर फेस, तळाला न विरघळलेल्या गुठळ्या आणि मध्ये ते करडं पेय. फेसासकट प्यायलं तर पोट फुगतं, म्हणून फेस बसेपर्यंत थांबायचं. थांबलं की गुठळ्या जास्त बसतात. चमच्याने एक गुठळी ग्लासच्या कडेला दाबून फोडली तर आतून कोरडी पावडर निघाली. पाण्यात राहून अंगाला पाणी न लागू देणारी अशी चिवट गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा खाण्यावर मी भुकेने तडफडत असेन. खरी गंमत तिथेच आहे. भूकच लागत नाही. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक १९९९ मध्ये कोजिमा, कांगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या जठरात शोधून काढलं. माणसातही ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि माझा नेमका तोच भाग कापून नेलाय. जेवणाची वेळ झाली की पूर्वी पोटात जी आरडाओरड सुरू व्हायची, ती साफ थांबली. गेली ती पोटातली भूक. डोक्यातली भूक तिथल्या तिथे ठाण मांडून बसलीय, आणि डोक्याचं असं ऑपरेशन अजून निघालेलं नाही.

ही डोक्यातली भूक रात्री जागी होते. मग मी पांघरुणात फोन घेऊन पाककृतींचे व्हिडिओ बघते. पाव भाजला जातोय, लोणी वितळतंय, पुलाव दमाला लागलाय. माझ्यासारखी ऑपरेशनं झालेले अनेक जण हेच करतात, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. मुलीने एकदा दार उघडून विचारलं, ‘‘आई, चोरून काय बघतेस?’’ मी घाईघाईने फोन पालथा घातला. आतून आवाज आला, ‘‘आता यावर भरपूर चीज किसून घ्या.’’

त्यात मन कुठल्याही क्षणी भरून येतं. बिस्किटाच्या जाहिरातीत ते लहान मूल बिस्किट कुत्र्याला देतं, तिथे मी हुंदके देऊन रडले. मुलासाठी की कुत्र्यासाठी, असं नवऱ्याने विचारलं. बिस्किटासाठी.

भेटायला येणाऱ्यांचे दोन प्रकार. पहिला प्रकार म्हणतो, ‘‘थोडा व्यायाम केला असता तरी उतरलं असतं गं.’’ दुसरा म्हणतो, ‘‘बरं केलंस, सोपा मार्ग निवडलास!’’ सोपा! या सोप्या मार्गावर आयुष्यभर जीवनसत्त्वं घ्यायची आहेत. लोह आणि कॅल्शियम एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून दोन्हींत दोन तासांचं अंतर. पित्ताची गोळी वेगळी. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी जठराला जखम होऊ शकते म्हणून सर्जनला विचारल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. जड वस्तू काही आठवडे उचलायच्या नाहीत, हा एकच नियम मी आनंदाने पाळते आणि जमेल तितका ताणणार आहे. या मंडळींना मी यातलं काही सांगत नाही. पंधरा मिनिटं झाली की माप उचलून गंभीर चेहऱ्याने घोट घेते. चौथ्या घोटाला पाहुणे घड्याळ बघू लागतात.

एका बाबतीत मात्र थट्टा नाही. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, सतत उलट्या, धाप, एकाच पोटरीला सूज, किंवा स्वस्थ पडलेलं असतानाही नाडी मिनिटाला १२०च्या वर टिकून राहणं, यातलं काहीही दिसलं की घोटाचा गजर सोडून तडक हॉस्पिटल. शिवणीतून गळती होण्याची शक्यता थोडी, पण झाली तर वाट बघण्यात शहाणपणा नसतो. ही यादी नवऱ्याने पाठ केलीय. रात्री माझं मनगट धरून बसतो. मुलीला वाटलं, आईबाबांत किती प्रेम आहे. तेवढ्यात तो म्हणाला, ‘‘अठ्ठ्याहत्तर. झोप आता.’’

बद्धकोष्ठाबद्दल लिहू नकोस, असं घरच्यांनी बजावलंय. ते होतं, एवढंच सांगते. पातळ आहार, लोह आणि दुखणं थांबवायची औषधं एकत्र आल्यावर दुसरं काय होणार?

वजनाचं विचाराल तर पहिल्या आठवड्यात काटा असा धावला, की मी जुने कपडे बाहेर काढले. मग तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तो थांबला. हलेचना. माणसाने दिवसभर फेस बसायची वाट बघावी आणि काट्याने ढिम्म राहावं! डाएटिशियनबाईंना फोन केला तर त्या इतक्या निवांतपणे ‘‘हो, होतं ना,’’ म्हणाल्या, की मला त्यांचा रागच आला. सुरुवातीला उतरतं त्यात पाणी बरंच असतं. शरीर ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा मोडतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. मग शरीर सावध होतं, पाणी धरून ठेवतं आणि काटा आठवडा-दोन आठवडे अडतो. सल्ला काय, तर वजनकाटा कपाटात ठेवा. ठेवलाय. नवऱ्याने कपाटाची किल्ली स्वतःकडे घेतलीय, कारण तो मला ओळखतो.

आता गाडी पातळावरून कुस्करलेल्यावर आली आहे. पहिल्यांदा उकडलेलं अंडं दही घालून एकजीव केलं आणि लहान मुलाच्या चमच्याने खायला बसले. पहिला चमचा जिभेवर ठेवला तर डोळे मिटले. पदार्थाला चव असते हे मी विसरलेच होते. दुसरा, तिसरा. चौथ्याला उचकी आली आणि नाकातून पाणी वाहायला लागलं. पोट भरल्याची आमची खूण ही अशी, नाकातून येणारी. कुणाला शिंका येतात, कुणाला उचक्या. मी चमचा खाली ठेवला. अर्ध्याहून जास्त अंडं वाटीत उरलं होतं आणि मी अगदी तुडुंब जेवले होते.

पुढच्या आठवड्यात ऑफिस. डाएटिशियनबाईंचा नवा तक्ता आलाय: मऊ आहार, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, जेवायला वीस ते तीस मिनिटं, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही, मधल्या वेळात प्रोटीन, आणि बाकी सगळा वेळ घोट. मी साहेबांना मेल केली आहे, की ऑपरेशनमुळे माझा आहार अगदी थोडा झाला आहे, तरी जेवणाची सुट्टी दुप्पट करून मिळावी.