‘कौतुक म्हणजे लाच’? जरा थांबा

शिक्षकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बडबड्या मुलाचं कौतुक म्हणजे लाच. सगळ्यांसमोर एकदा झापा, पुन्हा तोंड उघडणार नाही. बक्षिसांनी मुलं लोभी होतात. आणि वर्ग शांत असेल तरच शिकणं होतं.’ मला तो तीन जणांनी पाठवला.

आधी लाच. मूल बडबडत असताना ‘गप्प बस, मग चॉकलेट देते’ म्हणणं ही लाच खरीच, कारण आधी बडबड केली की चॉकलेट मिळतं हे ते लगेच ओळखतं. कौतुक मात्र मूल कामाला लागल्यावर होतं. हा क्रम उलटा केला की सगळंच फसतं.

झापण्याचं काय? मीही वर्षानुवर्षं झापलंय. तिसऱ्या बाकावरचा मुलगा मागे वळून बोलतोय, मी नाव घेऊन ओरडते, अख्खा वर्ग त्याच्याकडे बघतो, तो पुढे वळतो. झालं काम! दोन मिनिटांत पुन्हा मागे. त्याला वर्गभर प्रेक्षक मिळाले आणि मला दोन मिनिटांची शांतता; म्हणजे ओरडण्याची सवय मलाच लागली. 1968 साली अमेरिकेत मॅडसेन, बेकर आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी पहिलीच्या वर्गात हेच मोजलं. बाई ‘खाली बसा’ जितक्या वेळा जास्त म्हणायच्या, तितकी मुलं जास्त उठायची. सांगितलं की बसायची, म्हणून बाईंना वाटायचं, उपाय लागू पडतोय. बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू झालं, तेव्हा उठणं कमी झालं.

आता मी तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाच्या शेजारच्याला म्हणते, ‘वही उघडून पहिली पायरी मांडलीस, बरं केलंस.’ मग त्या बडबड्याने पेन उचललं की बाकाजवळ जाऊन हळूच त्यालाही. मोठ्या मुलांना चारचौघांतलं कौतुक लाजवतं. नुसतं ‘शाब्बास, शाब्बास’ तर कुणी ऐकतही नाही. नेमकं काय चांगलं केलं ते सांगावं लागतं.

लोभाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्रक दिलं, तर नंतर ती मुलं चित्रं काढण्यात कमी वेळ घालवू लागली. पण न सांगता दिलेल्यांची आवड घटली नाही. तेव्हा चांगल्या वागण्यावर स्टिकर लावायचे तक्ते जपून वापरा, हळूहळू कमी करा. पण घटते ती आधीपासून असलेली आवड; गप्प बसणं हा कुठल्या मुलाचा आवडता छंद असतो, सांगा बरं!

शेवटचा दावा सगळ्यांत पोकळ. शांत वर्गात निम्मी मुलं खिडकीबाहेर असू शकतात. माझा तिसऱ्या बाकावरचा गणित न समजल्यामुळे मागे विचारत होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याला कौतुकाआधी ते उदाहरण पुन्हा समजावायला हवं होतं. आता प्रत्येक उदाहरणानंतर दोन मिनिटं ते शेजाऱ्याला समजावून सांगायची. त्या वेळात सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच असतो.