'मी तिथे होतो' याच्या पुढे

संगीताचे वेड असलेली चार माणसे एकत्र जमली की गप्पा प्रत्यक्ष ऐकलेल्या कार्यक्रमांवर आल्याशिवाय राहत नाहीत. कोणाला ऐकले, किती पुढे बसून ऐकले, त्या कलाकाराचा तो शेवटचा दौरा कसा ठरला, तिकिटासाठी रात्रभर रांगेत कसे उभे राहिलो, हे सगळे रंगवून सांगितले जाते आणि बाकीचेही ते मन लावून ऐकतात. मला या गप्पा अतिशय प्रिय आहेत आणि म्हणूनच त्यांतली एक उणीव मला बऱ्याच काळापासून खटकते आहे. 'मी तिथे होतो' एवढे आपण ठासून सांगतो, पण 'मी काय ऐकले' हे सांगायचे बहुतेक वेळा राहूनच जाते.

मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलच्या इमारतीत मुख्य सभागृहाखेरीज एक लहान सभागृहही होते. 4 जून 1976 रोजी तिथे सेक्स पिस्टल्स या पंक रॉक बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच होते; बहुतेक अंदाज 40 च्या आसपासचे आहेत. मात्र त्या मोजक्या लोकांतले काही जण पुढे स्वतः संगीतकार म्हणून गाजले. जॉय डिव्हिजन या बँडचा पीटर हूक त्यांतलाच, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी बास गिटार विकत घेतली. त्या संध्याकाळचे महत्त्व जसजसे वाढत गेले तसतशी तिथे हजर असल्याचे सांगणाऱ्यांची संख्याही वाढत गेली, इतकी की त्या दिवशीच्या साऱ्या रिकाम्या खुर्च्या भरून जाव्यात. हे सगळे लोक खोटे बोलतात असे मला मुळीच वाटत नाही. त्याच सभागृहात 20 जुलैला त्याच बँडचा दुसरा कार्यक्रम झाला होता आणि त्याला गर्दीही बरीच जास्त होती. काळाच्या ओघात दोन संध्याकाळी एकमेकींत मिसळणे अगदी स्वाभाविक आहे. वाईट याचे वाटते की कोण होते आणि कोण नव्हते यावर एवढा खल झाला, पण तो आवाज त्या खोलीत कसा घुमला आणि पहिल्या दोन गाण्यांत लोकांचे चेहरे कसे बदलत गेले, याबद्दल आपल्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले.

याच इमारतीच्या मुख्य सभागृहात 17 मे 1966 रोजी लोकसंगीतासाठी गाजलेला अमेरिकन गायक बॉब डिलन गायला होता. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात तो एकटा होता, साधी गिटार आणि हार्मोनिका घेऊन. उत्तरार्धात इलेक्ट्रिक वाद्यांचा संच साथीला आला आणि लोकसंगीताच्या कट्टर चाहत्यांचा संताप उसळला. कोणीतरी त्याला 'जुडास', म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, म्हणून हाक मारली. या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने वर्षानुवर्षे चोरून फिरत राहिले आणि अधिकृतरीत्या ते 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. ती हाक आज कोणालाही ऐकता येते, त्यामुळे ती मारली गेली की नाही हे सांगण्यासाठी आता साक्षीदाराची गरज उरलेली नाही. परंतु ती हाक ऐकल्यावर शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हसला, चिडला की उठून चालता झाला, हे टेपवर नाही. संताप साऱ्या सभागृहाचा होता की काही रांगांपुरता, हेही नुसत्या टेपवरून कळत नाही. ते फक्त तिथे बसलेला श्रोताच सांगू शकतो, आणि माझ्या मते त्याने सांगण्यासारखे तेच आहे.

ध्वनिमुद्रण असले की साक्षीची गरज संपते हा समजही मला मान्य नाही. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी सुमारे 55,000 लोकांसमोर जेमतेम अर्धा तास कार्यक्रम केला. किंचाळ्यांचा गदारोळ असा होता की स्टेडियमच्या भोंग्यांतून येणारे गाणे श्रोत्यांच्या कानांपर्यंत नीट पोहोचतच नव्हते आणि वादकांनाही एकमेकांचे धड ऐकू येत नव्हते. या कार्यक्रमाच्या चित्रफितीसाठी जानेवारी 1966 मध्ये लंडनच्या स्टुडिओत काही भाग पुन्हा गाऊन-वाजवून घेतले गेले. म्हणजे आज आपण 'शे स्टेडियम' म्हणून जे ऐकतो, ते अगदी तसेच तिथल्या कोणीच ऐकलेले नाही. अशा वेळी 'मला एकही गाणे नीट ऐकू आले नाही' असे सांगणारा श्रोता माझ्या दृष्टीने त्या चित्रफितीपेक्षा अधिक खरा आहे.

माझ्या स्वतःच्या आठवणींपैकी जी मला सर्वांत मोलाची वाटते, ती कोणत्याही गाजलेल्या क्षणाची नाही. मंचाच्या अगदी कडेची जागा मिळाली होती, तिथून गायिका अर्धीच दिसत होती आणि भल्यामोठ्या स्पीकरच्या मागे असल्याने तिचे शब्दही अस्पष्ट येत होते. पण ड्रम वाजवणारा माझ्या समोरच होता. एका संथ गाण्याआधी प्रेक्षागृह शांत व्हायची वाट पाहत त्याने दोन्ही काड्या एका हातात धरल्या, गुडघ्यावर अगदी हलकेच आपटत लय मोजली, ती जरा जलद वाटली म्हणून थांबला, डोळे मिटून पुन्हा मोजली आणि मगच मान वर करून बाकीच्यांना इशारा दिला. गाणे ज्या ठेहरावाने सुरू झाले तो ठेहराव कुठून आला हे मी डोळ्यांनी पाहिले होते. त्या दिवसापासून कुठलेही संथ गाणे ऐकताना माझे लक्ष आधी लयीकडे जाते.

अशा तपशिलांबाबतही स्मरणशक्ती फसवते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खराच आहे. एकाच कार्यक्रमाला शेजारी-शेजारी बसलेले दोन मित्र गाण्यांचा क्रम वेगवेगळा सांगतात, हे आपण सगळ्यांनीच अनुभवले आहे. पण क्रमासाठी आपल्याकडे गाण्यांच्या याद्या आहेत, तारखांसाठी तिकिटे आहेत. जिथे कागद बोलतो तिथे कागदाला बोलू द्यावे आणि त्याला जे सांगता येत नाही ते आपण सांगावे. फोनवर केलेल्या चित्रीकरणाबद्दलही मी एवढेच म्हणेन की ते खुशाल करावे, पण पडदा पाहण्यात समोरचे ऐकायचे राहून जाऊ नये.

1 ऑगस्ट 1971 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जो कार्यक्रम झाला, त्याची सुरुवात पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्या वादनाने झाली. वाद्ये सुरात लावून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि पंडितजींनी हसून, नुसते वाद्य लावणे इतके आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा व्यक्त केली. हा किस्सा बहुधा त्या श्रोत्यांच्या अज्ञानाचा म्हणून सांगितला जातो आणि मला ते अन्यायाचे वाटते. ज्यांनी तोवर सतार किंवा सरोद समोर बसून ऐकलेच नव्हते, त्यांना तारा जुळत जातानाचा तो नादच सुंदर वाटला असेल, तर त्यांनी टाळ्या वाजवण्यात गैर काय झाले? त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एखाद्याने त्या क्षणी आपण नेमके काय ऐकले हे सांगितले, तर ते मला शंभर जाणकारांच्या समीक्षेपेक्षा अधिक ऐकावेसे वाटेल.

वुडस्टॉक या अमेरिकेतल्या खुल्या मैदानावरच्या संगीत महोत्सवाच्या बाबतीतही माझे हेच म्हणणे आहे. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स तिथे वाजवायला उभा राहिला तो 18 ऑगस्ट 1969 च्या सोमवारी सकाळी, ठरलेले तीन दिवस उलटून गेल्यावर, आणि तोवर त्या लाखोंच्या गर्दीतले बहुतेक लोक घराच्या वाटेला लागले होते. 'वुडस्टॉकला होतो' असे खरेपणाने सांगणाऱ्या अनेकांनी त्याला ऐकलेलेच नाही आणि त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. रविवारी दुपारच्या वादळात सारे काही थांबले असताना, अंगावर पाऊस झेलत त्या चिखलात बसून राहिलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हेन्ड्रिक्स ऐकायचा राहिला म्हणून त्याने गप्प बसू नये.