विक्सबर्गचा ८१ वर्षांचा ‘स्वाभिमान’ नेमका कुणाचा?

बहिणीचा मुलगा आठवीत आहे. शनिवारी त्याची वक्तृत्व स्पर्धा, विषय ‘स्वाभिमान’. परवा त्याने फोनवर भाषण म्हणून दाखवलं आणि पहिल्याच वाक्याला मी ओळखलं, की हा तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीनदा येऊन गेलेला फॉरवर्ड. तीनही वेळा मी ‘जाऊ दे’ म्हटलं होतं. आता पोरगं तो माइकवर म्हणणार, म्हणजे जाऊ देऊन चालायचं नाही.

फॉरवर्ड असा: अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवीत मिसिसिपी नदीकाठचं, दक्षिणेच्या बाजूचं विक्सबर्ग हे तटबंदीचं शहर स्वातंत्र्यासाठी लढलं. सहा महिने वेढ्यात लोकांनी उंदीर खाल्ले, पण वाकले नाहीत. शेवटी शहराचाच सेनापती पेम्बर्टन सूर्याजी पिसाळ निघाला. उत्तरेचा सेनापती ग्रँट याने मुद्दाम ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, शहर घेऊन जखमेवर मीठ चोळलं. म्हणून ८१ वर्षं अख्ख्या शहराने तो दिवस साजरा केला नाही. ‘याला म्हणतात स्वाभिमान! शेअर करा.’

‘स्वातंत्र्यासाठी’ हे कुणी ठरवलं? संघराज्यातून बाहेर पडताना, १८६१ च्या जानेवारीत, विक्सबर्ग ज्यात येतं त्या मिसिसिपी राज्याने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यात सुरुवातीलाच लिहिलंय, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. आडवळण नाही, लाज नाही. ज्यांची बाजू आपण घेतोय त्यांनीच सही-शिक्क्यानिशी सांगितलेलं कारण पुसून आपण त्यावर ‘स्वातंत्र्य’ लिहायचं?

हे लक्षात घेतलं की ८१ वर्षांची गोष्ट कशी उलगडते बघा. १८६० च्या जनगणनेत मिसिसिपीची लोकसंख्या ७,९१,३०५. त्यातले ४,३६,६३१ गुलाम, म्हणजे निम्म्याहून जास्त. ‘अख्खं शहर’ म्हणताना शहरातली अशी माणसं मोजलीत का? त्यांच्यासाठी ४ जुलै १८६३ हा सुटकेचा दिवस होता. वर्षभरातच, १८६४ च्या ४ जुलैला, विक्सबर्गपासून नदीने खाली डेव्हिस बेंडला सोहळा झाला. जागा कोणती, तर बंडखोर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचा मळा. कालपर्यंत गुलाम असलेली माणसं त्याच्याच अंगणात स्वातंत्र्यदिन साजरा करत होती. पुढेही विक्सबर्गमध्ये हा दिवस काळ्या लोकांनी चालू ठेवला, तोही फुकटात नाही. १८७४ च्या डिसेंबरमध्ये तिथे काळ्यांचं हत्याकांड झालं आणि १८७५ च्या ४ जुलैला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या सभेवरच गोऱ्यांनी हल्ला केला. म्हणजे एकीकडे माणसं जीव मुठीत धरून तो दिवस साजरा करत होती आणि दीडशे वर्षांनी आपण पुण्यात बसून म्हणतोय, कुणी साजराच केला नाही.

बरं, अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. गोरी मंडळी बरीच वर्षं त्या दिवसापासून लांब राहिली आणि त्यांचा वाजतगाजत सोहळा दुसऱ्या महायुद्धानंतरच सुरू झाला. १९४७ ला महायुद्धातले सेनापती आयझेनहॉवर तिथे पाहुणे होते. पण मग ‘गोऱ्यांनी’ असं लिहा ना.

तारखेचं तर हसूच येतं. तहाचं पत्र ३ जुलैला पेम्बर्टनने पाठवलं, ग्रँटने नव्हे. ४ तारीख का निवडली, तेही पेम्बर्टननेच आपल्या अहवालात लिहून ठेवलंय: त्या दिवशी शहरात शिरण्याचं शत्रूला भारी अप्रूप, त्या हौसेपायी एरवी मिळणार नाहीत अशा अटी पदरात पडतील. आणि पडल्याही! सुमारे २९,५०० सैनिक कैदेत न जाता, कैद्यांची रीतसर अदलाबदल होईपर्यंत न लढण्याच्या लेखी वचनावर सुटले.

आता हा माणूस पिसाळ कसा? जन्म फिलाडेल्फियाचा, म्हणजे उत्तरेचा, सख्खे दोन भाऊ समोरच्या फौजेत. संशय यायला एवढं पुरलं. पण शरणागतीनंतर त्याला कुणी मोठी जबाबदारी देईना, तेव्हा त्याने लेफ्टनंट जनरलचा हुद्दा सोडला आणि त्याच बाजूच्या तोफखान्यात साधा लेफ्टनंट कर्नल म्हणून उभा राहिला. पिसाळाला वतन मिळालं होतं, म्हणतात.

वेढा सहा महिने नव्हे, ४७ दिवस चालला. उपासमार खरी होती. खेचराचं मांस खाल्लं, लोक टेकड्यांत भुयारं खोदून राहिले, कागद संपल्यावर तिथलं वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर छापलं. २ जुलैच्या अंकात संपादकाने ग्रँटला टोमणा मारलाय, ससा शिजवायचा तर आधी पकडावा लागतो. दोन दिवसांनी ग्रँटच्या शिपायांनी त्याच छापखान्यात, त्याच अंकाखाली ओळ जोडली: ससा पकडला.

ग्रँट काही संत नव्हता. २२ मेचा हल्ला फसल्यावर त्याचेच जखमी तटासमोर उन्हात तीन दिवस पडून होते, आणि युद्धविराम करून त्यांना उचला, हे सुचवावं लागलं पेम्बर्टनला.

भाच्याला जाहीरनाम्यातली ती ओळ आणि डेव्हिस बेंडची हकीकत पाठवली आहे. त्याचा उलट मेसेज आला, ‘मामा, तीनच मिनिटं असतात. उंदीर ठेवू का?’